तासाला तेरा लिटर

आतल्या खोलीत एक्केचाळीस वस्तू होत्या. लोखंडी खाट एक, गादी एक, उशा दोन, चादरी चार, जाड लोकरी पांघरूण एक. लाकडी कपाटात घडी न मोडलेले सहा टॉवेल, साबणाच्या तीन वड्या, केस विंचरायचा एक कंगवा. खिडकीजवळ स्टूल, स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि त्यावर उपडा पेला. खाटेखाली चपलांचा एक जोड. चपला आत्याच्या नव्हत्या, तिच्या पावलापेक्षा बोटभर मोठ्या होत्या. उलट्या करून पाहिल्या तर तळवे कोरे, एक ओरखडा नाही. वरचे पट्टे मात्र पाय घालून घालून सैल पडले होते.

मी यादीत लिहिलं, ‘चपला, एक जोड, वापरलेल्या.’ मग ‘वापरलेल्या’ खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

आत्यानं मृत्युपत्रात मला एक्झिक्युटर नेमलं होतं. म्हणजे तिच्या मागे जे राहिलं ते सगळं ताब्यात घ्यायचं, त्याची यादी करायची, कुणाची देणी असतील ती भागवायची आणि उरेल ते ज्याचं त्याला द्यायचं. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीला यातलं काय कळणार, असं मी वकीलबाईंना विचारलं होतं.

“मोजता येतं ना?” त्या म्हणाल्या. “झालं तर मग. आमच्या धंद्यात मोजता येणारी माणसं कमीच.”

आत्या परिचारिका होती, लग्न केलं नव्हतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तिच्या हालचालीत वॉर्डातला हलकेपणा राहिला होता. दार लावताना ती कडी बोटानं धरून ठेवायची, आवाज होऊ नये म्हणून. आम्ही मुलं सुट्टीत गेलो की ओठांवर बोट ठेवून म्हणायची, “हळू बोला.” आमच्यात तिच्या घराचं नावच ‘वाचनालय’ पडलं होतं. खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या काकांना त्रास होतो म्हणून ती असं सांगते, अशी आमची समजूत होती.

घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच. ते तिनं दादाला दिलं होतं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. शेवटच्या आजारपणात तिची औषधं, तपासण्या, सगळं त्यानंच केलं, त्यामुळे याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. आणि त्याला ते घर हवंच होतं. वहिनीला आठवा महिना लागला होता आणि त्यांच्या घरमालकानं जागा महिनाअखेर सोडायला सांगितली होती.

अडचण होती ती तिसऱ्या कलमाची. वकीलबाईंनी ते आम्हा दोघांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

“‘माझ्या मृत्यूच्या वेळी आतल्या खोलीत राहत असलेल्या व्यक्तीस तिच्या हयातीपर्यंत तिथेच राहू द्यावं. तिला हलवू नये.’”

दादानं माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे.

“कोण व्यक्ती?” मी विचारलं.

“तेच मी तुम्हाला विचारणार होते,” वकीलबाई म्हणाल्या. “मृत्युपत्र करताना मी तिला म्हटलं होतं, नाव घाल. म्हणाली, नाव विचारलेलं नाही.”

“आत्याचा कुणी मित्र निघायचा म्हातारपणी,” दादा हसला. मग हसू आवरून म्हणाला, “बाई, खरंच सांगतो, मी वर्षभर रोज त्या घरात जात होतो. तिथे आत्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.”

“मग प्रश्न मिटला. वर्णनात बसणारी व्यक्ती मृत्यूच्या वेळी नसेल, तर ती देणगी आपोआप रद्द होते आणि पूर्ण घर तुझं. फक्त एक्झिक्युटरनं तसं शपथेवर लिहून द्यायचं. शोध घेतला, व्यक्ती आढळली नाही.” त्यांनी पेनाचं टोपण माझ्याकडे रोखलं. “आणि व्यक्ती असेल, तर खोली तिची. तिच्या हयातीपर्यंत दादानं बाहेरच्या खोलीत भागवायचं. हे ठरेपर्यंत आतली खोली बंद कर, किल्ली तुझ्याजवळ ठेव.”

जिना उतरताना माझ्या मनात पहिला संशय आला आणि मला त्याची लाज वाटली नाही. कुणी राहत असेल आणि आत्या गेल्यावर त्याला गुपचूप बाहेर काढलं असेल, तर ते एकाच माणसाला शक्य होतं. घराची दुसरी किल्ली दादाकडे होती.

यादी करताना मी गादीवरची चादर ताणून बसवली होती, उशा एकावर एक ठेवल्या होत्या. दोन दिवसांनी कपाटाचं माप घ्यायला गेले तेव्हा वरची उशी बाजूला होती. खालच्या उशीत मध्यभागी खळगा होता. मी हात ठेवला. उशी गार होती. खिडक्या आतून बंद होत्या, कुलूप जसंच्या तसं होतं.

मी चादर पुन्हा ताणली, उशा थोपटून सारख्या केल्या आणि जाताना खोलीला नवीन कुलूप लावलं.

ते दादाला कळायला वेळ लागला नाही. त्याचा फोन आला.

“कुलूप बदललंस?”

“हो.”

“माझ्यासाठी?”

“कुणासाठीच नाही. नियम आहे.”

“नियम! प्रोफेसर, तुला अंगाखांद्यावर खेळवलंय मी. त्या खोलीत आहे काय, सोन्याच्या विटा? साबणाच्या तीन वड्या आहेत. त्या चोरून मी गब्बर होणार?”

“वड्या तीन आहेत, हे तुला कसं माहीत?”

“मीच आणून दिल्या होत्या,” तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

पुढच्या खेपेला उशीत पुन्हा खळगा होता. नव्या कुलपाची किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात होती.

घड्याळवाले काका दुकानात डोळ्याला भिंग लावून बसले होते. वर कुणाचा वावर जाणवतो का, असं मी विचारलं.

“नाही बुवा. तुझी आत्या गेल्यापासून शांत आहे. तशी आधीही शांतच होती.”

“तुम्हाला त्रास होतो म्हणून आम्हाला हळू बोलायला लावायची ती.”

त्यांनी भिंग काढलं. “मला? अगं, माझ्या दुकानात शंभर घड्याळं एकाच वेळी टोले देतात. मला कसला त्रास? उलट मीच तिला म्हणायचो, बाई, पोरांना जरा खेळू दे.” भिंग परत लावताना ते म्हणाले, “मला म्हणाली होती एकदा, झोप फार हलकी आहे. मला वाटलं, स्वतःबद्दलच सांगतेय.”

मी पदवीच्या शेवटच्या वर्षी वर्गखोल्यांमधल्या हवेवर प्रकल्प केला होता. त्यासाठी घेतलेला मीटर अजून माझ्याकडे होता. तळहाताएवढा डबा. हवेत कार्बन डायऑक्साइड किती आहे ते दर मिनिटाला नोंदवतो आणि फोनवर पाठवतो. मोकळ्या हवेत तो आकडा दहा लाख भागांत चारशेवीसच्या आसपास असतो. बंद खोलीत माणूस असला की चढत जातो, कारण माणूस श्वास सोडतो. दार उघडलं की झपकन उतरतो. चोर पकडायला यापेक्षा चांगला पहारेकरी नाही. तो डुलक्या घेत नाही आणि दादाची भीड धरत नाही.

मी मीटर कपाटावर ठेवला, खोलीभर हवा खेळवली, खिडक्या लावल्या, कुलूप घातलं आणि घरी आले.

आकडा मी दार ओढल्यापासूनच चढायला लागला होता. रात्रीपर्यंत दोन हजारांच्या वर गेला आणि तिथे टेकला. खोली हवाबंद नव्हती. फटींतून जितकं बाहेर जात होतं तितकंच आत तयार होत होतं. पुढचे तीन दिवस रेघ सपाट होती. मी खाचा शोधत होते. दार उघडल्याची एकही खाच नव्हती.

कुणी आलं नव्हतं. कुणी गेलंही नव्हतं.

मीटर बिघडला असावा, हे मी आधी धरलं. मोकळ्या मैदानात नेला, चारशे एकोणीस दाखवले. महाविद्यालयातून दुसरा मीटर आणला, दोघांचे आकडे जुळले. खोलीत गॅसची नळी नव्हती, गटाराचं तोंड नव्हतं. कुजणारं लाकूडही वायू सोडतं, म्हणून कपाट बाहेर काढलं. बुरशी असेल म्हणून गादी, उशा, पांघरूण बाहेरच्या खोलीत नेलं. शेजारच्या भिंतीतली खिळ्यांची भोकं चिकटपट्टीनं बुजवली. शेवटी खोलीत खाटेचा सांगाडा आणि मीटर एवढंच उरलं.

आकडा तसाच चढला.

मग मी खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजली आणि चढणीच्या वेगावरून हिशेब केला. खोलीत तासाला तेरा लिटर कार्बन डायऑक्साइड येत होता. जागा माणूस बसून असला तर तासाला अठरा-एकोणीस सोडतो. तेरा लिटर म्हणजे झोपलेला माणूस. मोठा, आणि एकच.

हे मी दादाला फोनवर सांगितलं नाही. दुपारी आत्याच्या घरी बोलावून घेतलं. तो आला तो तोंड फुगवूनच. बाहेरच्या खोलीत रचलेलं सामान बघून म्हणाला, “वा! झडतीच घेतलीस की. फरश्या तेवढ्या राहिल्या.”

“माझा तुझ्यावर संशय होता,” मी म्हटलं.

“होता? म्हणजे आता नाही? उपकार झाले.”

मी त्याला आतली खोली दाखवली. खाटेखाली वाकायला लावलं. दोन्ही खिडक्या उघडून आकडा चारशेतीसवर येऊ दिला. मग खिडक्या लावून आम्ही बाहेर आलो, दाराच्या चारही कडांना रुंद चिकटपट्टी लावली आणि दारासमोरच खुर्च्या टाकून बसलो. फोन आमच्या मध्ये, स्टुलावर.

“हा आकडा जागेवर राहायला हवा,” मी सांगितलं. “आत कुणी नाही, हे तू पाहिलंस.”

“पाहिलं.”

चारशे सदतीस झाले. मग चारशे पंचेचाळीस.

“तुझं यंत्र चावट आहे,” दादा म्हणाला.

पाचशेच्या पुढे गेल्यावर त्यानं फोन उचलून हातात धरला. रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. सहाशे झाले तेव्हा दादाच्या कपाळावर घाम होता.

“वाढायला काय लागतं? सरळ सांग.”

“श्वास.”

“कुणाचा?”

“ते यंत्राला कळत नाही!” मी वैतागून मोठ्यानं म्हणाले.

“हळू बोल,” दादा म्हणाला.

त्यानं ते ओठांवर बोट ठेवून म्हटलं होतं. मग आपल्याच बोटाकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला.

आतून काही आवाज आला नाही. फक्त फोनवरचा आकडा एका वेळी सात-आठनं पुढे सरकत होता, संथ, न अडखळता.

सातशे ओलांडल्यावर मी पट्ट्या सोलून दार उघडलं. खोली रिकामी होती. पण हवेला वास होता. सकाळी कुणाच्या झोपायच्या खोलीत पहिल्यांदा शिरावं तसा, कोमट, थोडा आंबूस. खिडकीच्या काचेवर, खाटेच्या उशाच्या बाजूला, हाताच्या पंज्याएवढा भाग धुरकटला होता. आमच्यासमोर तो कडेनं आटत गेला.

दादा उंबऱ्यातच उभा होता.

“मी आत्यासाठी आणायचो ते सगळं दोन-दोन मागायची ती,” तो म्हणाला. “दोन साबण, दोन टॉवेल. मला वाटायचं, म्हातारपणची साठवण.” मग माझ्याकडे वळला. “लिहून देणार आहेस का हे?”

“काय लिहू? व्यक्ती आढळली?”

“तुझ्या वहिनीचे दिवस भरत आलेत. महिनाअखेरीला मी तिला घेऊन कुठे जाऊ? हे कोर्टात गेलं तर माझं पोर शाळेत जायला लागेल तरी निकाल लागायचा नाही.”

“मला शपथेवर सही करायचीय, दादा. खोटं कसं लिहू?”

“खोटं नको लिहूस.” तो आत गेला आणि त्यानं दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. “आता मोज. जे येईल ते लिही.”

वाऱ्यानं दार माझ्या पाठीवर आपटलं. मी मीटरकडे बघत उभी राहिले. सातशे दहा. सहाशे. पाचशे चाळीस. चारशे एकतीस, आणि तिथेच थांबला. उघड्या खिडकीत कुठल्याही खोलीचा आकडा तेवढाच येतो, खोलीत दहा माणसं निजलेली असली तरी. हे मला माहीत होतं. दादालाही एव्हाना कळलं होतं.

मी लिहिलं, ‘खोलीची समक्ष पाहणी केली. हवेची तपासणी केली. आकडा बाह्य हवेइतका आढळला.’

आम्ही घर बंद करून निघालो. जिन्याच्या वळणावर दादानं मला पुढे जाऊ दिलं आणि स्वतः भिंतीला अंग चोरून उभा राहिला.

“काय रे?”

“काही नाही. वाट दिली.”

“कुणाला?”

“तुलाच की,” तो म्हणाला. मी तेव्हा चार पायऱ्या खाली उतरले होते.

वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र वाचलं, हवेच्या वाक्यावर थबकल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, खिडकीसकट. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हवा दाखवून कोर्ट चालत नाही. माणूस दाखव. नाव, वय, चेहरा. आहे?”

“नाही.”

“मग सही कर.” मी पेन घेतलं तेव्हा त्या पुढे म्हणाल्या, “फक्त एक ऐकून ठेव. उद्या कुणी हक्कदार उभा राहिला आणि तू त्याला डावलून वाटणी केलीस असं ठरलं, तर तो दादाकडे जाण्याआधी तुझ्याकडे येईल. एक्झिक्युटरच्या चुकीची भरपाई त्याच्या स्वतःच्या मालमत्तेतून होते.”

“माझी कसली मालमत्ता? भाड्याची एक खोली आहे.”

“म्हणूनच म्हटलं, नुसतं ऐकून ठेव.”

मी सही केली.

महिनाअखेरीला दादा-वहिनी राहायला गेले. मुलगी झाली. मी बघायला गेले तेव्हा आतल्या खोलीत त्याच लोखंडी खाटेवर बाळाचे कपडे पसरलेले होते. मी मीटर पिशवीतून नेला होता. दादानं तो ओळखला, पण वहिनीसमोर काही बोलला नाही.

“अहो, बघता काय, हसते ती तुमच्याकडे बघून,” वहिनी मला म्हणाली. “तुमच्यापेक्षा तुमच्या खांद्यामागेच जास्त बघतेय म्हणा. या वयात पोरांना दिसतं कुठे धड.”

वहिनी बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत गेली तेव्हा मी आतली खोली मोकळी करून घेतली. हवा खेळवली, खिडक्या लावल्या, दाराला पट्टी लावली. आम्ही चहा प्यायलो. तासाभरानं फोन बघितला. सुरुवातीला चारशे सव्वीस, शेवटी चारशे सव्वीस. रेघ टेबलाच्या कडेसारखी सरळ.

दादानं माझ्या हातातून फोन घेतला, नीट पाहिलं आणि इतक्या मोठ्यानं हसला की बाळ दचकून रडायला लागलं. “बघ, प्रोफेसर! तुझंच यंत्र. गेलं ना सगळं!”

मीही हसले. कितीतरी दिवसांनी माझे खांदे सैल झाले. निघताना त्यानं मला रस्त्यापर्यंत सोडलं, डोक्यावर टपली मारली आणि कुलपाच्या प्रकरणाचा उल्लेखही केला नाही.

घरी आले तेव्हा दुपार टळायला आली होती. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, एक दार, एक खिडकी. प्रकल्पाच्या दिवसांत मी इथे कितीदा तरी स्वतःवरच प्रयोग केला होता. दार-खिडकी लावून झोपायचं, उठल्यावर आकडे काढायचे. झोपलेली मी म्हणजे तासाला साडेबारा, कधी तेरा लिटर.

मी पिशवी टेबलावर ठेवली. मीटर बंद करायचा राहिला होता. खिडकी लावली, दार लावलं आणि आडवी झाले. लगेच डोळा लागला.

जाग आली ती गुदमरल्यासारखं होऊन. डोकं जड होतं. मी भिंतीकडे तोंड करून, खाटेच्या अगदी कडेला झोपले होते, अर्धी गादी मोकळी सोडून. काच धुरकटली होती.

मी खिडकी उघडली, मीटर गच्चीत नेऊन तपासला. चारशे एकवीस. मीटर ठीक होता. टेप आणून खोलीची लांबी, रुंदी, उंची पुन्हा मोजली. त्यात फरक नव्हता. खाटेखाली पाहिलं, कपाट उघडून पाहिलं. मग हवा खेळवली, दार आणि खिडकी लावली, पट्ट्या चिकटवल्या आणि तासभर डोळे मिटून पडून राहिले. बऱ्याच वेळानं झोपही लागली.

उठून हिशेब केला.

तासाला पंचवीस पूर्णांक आठ लिटर.